आधी जखम, मग केसपेपर

रांग आपल्याला नवी नाही. रेशनला रांग, टँकरला रांग, नाक्यावर कामाला रांग, आणि सगळीकडं आपला नंबर मागचा. पण एक रांग अशी आहे की तिथं नंबर चुकला तर माणूस अर्धा मरतो. अर्धा म्हणजे अक्षरशः अर्धा. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडातली भाषा. ही रांग हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली. आपल्या मासिकात जमीन, नोकरी, राखीव जागा, कविता यांवर भरपूर लिहून येतं. या रांगेवर कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालोय, बंदरावर क्रेट उचलतो, रात्री कविता लिहितो. जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि डोळ्यांनी बघितलं, तेच मांडतो.

आपल्याकडं म्हणतात, 'अंगावरनं वारं गेलं.' पुस्तकात पक्षाघात, अर्धांगवायू. डॉक्टर म्हणतात स्ट्रोक. वारं-बिरं काही नसतं मित्रांनो. मेंदूला रक्त नेणारी नळी एक तर गुठळीनं तुंबते, नाही तर फुटते. बहुतेक वेळा तुंबते. तुंबली की पुढचा मेंदू उपाशी मरायला लागतो. मोठी नळी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरानं मांडला. मुकादम आपल्याला अर्धा तास बाकड्यावर बसवून ठेवतो तेव्हा आपली अर्ध्या तासाची मजुरी जाते. कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर अर्धा तास गेला तर जे जातं ते कुठलीच युनियन परत मिळवून देऊ शकत नाही.

आता औषध आहे. हे आधी नीट समजून घ्या, कारण आपल्या वस्तीत अजून लोकांना वाटतं की वारं गेलं म्हणजे नशीब गेलं. १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झालं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या ३ तासांत दिलं तर जास्त माणसं धडधाकट राहतात. २००८ साली युरोपातल्या डॉक्टरांनी ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ साली आणखी एक गोष्ट पक्की झाली. मोठ्या नळीतली गुठळी जांघेतून तार घालून ओढून काढता येते. पण ते काम मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होतं. इंजेक्शन मात्र जिल्ह्याच्या गावी देता येतं.

यात एक मेख आहे. नळी तुंबली असेल तर इंजेक्शन तारतं. नळी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेतं. वरून बघून कुणालाच सांगता येत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो. त्यासाठी डोक्याचा सी.टी. स्कॅन करावाच लागतो. म्हणजे माणूस दारातून आत आला की पहिलं काम सी.टी. नाव, गाव, आधार, रेशनकार्ड सगळं नंतर. नियमच आहे जगभर. दारात आल्यापासून २०-२५ मिनिटांत सी.टी. आणि तासाभरात सुई.

तेव्हा सगळा खेळ दारातल्या पहिल्या दहा मिनिटांचा. कोण आधी आत जाणार, हे कोण ठरवतो? कशावरून ठरवतो?

या ठरवण्याला डॉक्टरी भाषेत ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. अर्थ साधा, निवडणं. नेपोलियनच्या फौजेत दॉमिनिक लारे नावाचा सर्जन होता. तोवर लढाईत जखमी झालेल्यांमध्ये आधी बघायचे अधिकाऱ्याला. शिपाई चिखलात पडून राहायचा. लारेनं नियम केला की हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. ज्याची जखम सगळ्यात वाईट, त्याला आधी हात लावायचा, मग तो शिपाई असो की सरदार. या कल्पनेचं मूळ हे आहे. उच्च-नीच बाजूला ठेवून जखमेला नंबर द्यायचा. मला हे वाचून धक्का बसला. म्हणजे आपण ज्याच्यासाठी भांडतो ते हॉस्पिटलच्या दारावर दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की!

आता आपल्या बंदरावर या. आम्ही पण निवडतो. पहाटे बोट लागली की जेटीवर ढीग पडतो. सुरमई इकडं, पापलेट तिकडं, बांगडा वेगळा, बारीकसारीक चिंगूळ वेगळं. सुरमईला आधी बर्फ. बारीक मासळी उन्हात तापत पडली तरी कुणाचं काही जात नाही. ही निवड भावाची आहे. माशांसाठी ठीक आहे. पण कॅज्युअल्टीच्या दारात मला पुष्कळदा हीच जेटीवरची निवड दिसते. ज्याला भाव त्याला बर्फ.

स्ट्रोकचा पेशंट या निवडीत सगळ्यात आधी मार खातो. का? कारण तो शांत असतो. अपघाताचा माणूस रक्तानं भिजलेला येतो, ओरडतो, सोबत चार जण धावत येतात. बाळंतीण ओरडते. हार्टवाला छाती धरतो. स्ट्रोकवाला बऱ्याचदा काही दुखत नसल्यासारखा बसून राहतो. त्याला दुखणं सांगायला शब्द लागतात आणि नेमके शब्दच गेलेले असतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं कोण बोलणार? हा प्रश्न आपल्याला काही आजचा नाही.

परवाच्या ऑगस्टमधली गोष्ट. मासेमारीबंदी उठून बोटी नुकत्याच पाण्यात पडलेल्या. आमच्या टोळीतला एक काका, पन्नाशीचा, बर्फाचा क्रेट उचलत होता. उजव्या हातातनं क्रेट निसटला. वाकून परत धरायला गेला तर हात उठेना. तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलायला गेला तर नुसता लाळेचा आवाज. मुकादम म्हणाला, "सकाळसकाळी चढवून आलाय." आम्ही दोघांनी त्याला टेम्पोत घातला. अर्ध्या तासाच्या आत एका हॉस्पिटलच्या दारात होतो. कुठल्या ते लिहीत नाही. एका पाटीचं हे दुखणं नाही.

दारातल्या माणसानं नाक धरलं. अंगाला मासळीचा वास, लुंगी ओली, जीभ जड. "दारू प्यालाय. बाजूला बसवा, उतरेल." मी म्हटलं, "हा पीत नाय, माळकरी हाय." कोण ऐकतंय? केसपेपर काढा म्हणाले. केसपेपरला रांग. तेवढ्यात मोटारसायकलवरनं पडलेला एक पोरगा आला. गुडघा फुटलेला, मागं दोन गाड्या, कुणाच्या तरी ऑफिसमधून फोन. तो आत. मग आणखी एक फोन, आणखी एक माणूस आत. काका बाकड्यावर, डावा हात उजव्या हातावर ठेवून, जसं काय दुसऱ्याचं पोर मांडीवर घेतलंय. तीन तासांनी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं बघितलं आणि ती धावली. ती खरोखर धावली, हे लिहिलंच पाहिजे. पण सी.टी. होऊन हातात पडेपर्यंत मुदत उलटून गेली होती. गुठळीच निघाली. "आता इंजेक्शन देता येणार नाही, कोल्हापूरला न्या." तिथं जाऊन काय होणार होतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

गुडघा फुटलेल्या पोराबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याचा गुडघा दुपारी शिवला असता तरी तोच गुडघा राहिला असता. काकाचा मेंदू दुपारपर्यंत थांबणार नव्हता. निवड म्हणजे हेच ओळखणं. ते ओळखलं गेलं नाही, कारण दारातल्या माणसानं जखम बघितली नाही. त्यानं लुंगी बघितली.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराची हकिगत दिली आहे. १९२९ साली 'यंग इंडिया'त त्या मास्तराचं पत्र छापून आलं होतं. त्याची बायको बाळंत होऊन दोन दिवस झाले होते, ती आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तेही वस्तीच्या बाहेर. ओल्या बाळंतिणीला तिथं आणून ठेवलं. डॉक्टरानं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि त्याच वाटेनं परत. डॉक्टरानं दिव्याच्या उजेडात पारा बघितला आणि न्यूमोनिया सांगून निघून गेला. पुढं परत तपासायला तयार झाला नाही. बाई मेली.

आज असं थर्मामीटर कुणी फिरवत नाही. फिरवलं तर आत जाईल. पण "दारू प्यालाय" हे वाक्य काय आहे? हात न लावता पारा बघायचाच हा प्रकार. जड जीभ साहेबाची असेल तर स्ट्रोक, हमालाची असेल तर हातभट्टी. बरं, पीत असला तरी काय? पिणाऱ्याला स्ट्रोक होत नाही काय? उलट जास्त होतो. तेव्हा दारूचा वास आला म्हणून सी.टी. टाळणं हे डॉक्टरीतसुद्धा बसत नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूनं आहे, फक्त तो कॅज्युअल्टीपर्यंत चालत येत नाही. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ चा निकाल तर आपल्यातल्या प्रत्येकानं पाठ करावा. पश्चिम बंगालमधला हकीम शेख, शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद. १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी त्याला परत पाठवलं. इथं खाट नाही, तिथं सोय नाही. शेवटी खाजगीत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याची संघटना कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं आहे, आणि सरकारला पैशाची सबब सांगता येणार नाही. २५ हजार भरपाई दिली. लक्षात घ्या, हा निकाल कुठल्या वकिलाच्या दयेतून आला नाही. शेतमजुरांची संघटना उभी राहिली म्हणून आला.

आता 'निकाल' या शब्दाविषयी. स्ट्रोकनंतर माणूस किती सावरला हे डॉक्टर साधारण ९० दिवसांनी मोजतात. ० ते ६ अशी पट्टी आहे. ० म्हणजे काही झालंच नाही असा, ६ म्हणजे मेला. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, जेवतो, आंघोळ करतो, पण पूर्वीची सगळी कामं करता येत नाहीत. पुष्कळ अभ्यासांत ० ते २ ला 'चांगला निकाल' धरतात. ज्याला पेन्शन आहे, खुर्चीतलं काम आहे, त्याला २ नंबर चांगलाच. पण हमालाला? ज्याच्या पाठीवर पन्नास किलो चढतं तेव्हा चूल पेटते, त्याला 'पूर्वीची कामं करता येत नाहीत' म्हणजे काय? त्याच्यासाठी २ आणि ५ मध्ये मजुरीचा फरक शून्य. दोन्हीत रोज बंद. पोरीची शाळा बंद. बायको परत मासळी सुकवायला. म्हणून मी म्हणतो, अंगावर कमावणाऱ्याला मिनिट जास्त महाग आहे. आणि दारात त्याचंच मिनिट सगळ्यात स्वस्तात जातं.

जोतिबा फुल्यांना १८८८ साली पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तो माणूस डाव्या हातानं लिहायला बसला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढलं. ते १८९१ साली, त्यांच्या मागं छापलं गेलं. तेव्हा जगात कुठंच सी.टी. नव्हता, इंजेक्शन नव्हतं. त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. एका डॉक्टराला करता येण्यासारखं तेव्हा जेवढं होतं तेवढं झालं. आज सरकारनं आपल्या आरोग्य योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलंय, २०१७ पासून. ठीक आहे, द्या नाव. पण ज्याच्या नावाची योजना तो स्वतः पक्षाघाताचा पेशंट होता, हे योजनेच्या टेबलाशी बसलेल्या किती जणांना ठाऊक आहे? जोतिबांचा हात गेला कारण औषध जन्मलं नव्हतं. आमच्या माणसाचा हात औषध असून जातो.

आता कुणी म्हणेल, "अरे बाबा, हे कोकण आहे. मेंदूचा डॉक्टर आणायचा कुठून?" प्रश्न खरा आहे, टाळत नाही. रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. मुंबई सव्वातीनशेच्या वर, आणि तो महामार्ग २०११ पासून खणलेला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. तिथून जिल्ह्याच्या गावाला यायलाच तीन-चार तास. म्हणजे साडेचार तासांतले चार रस्त्यातच संपले. २०२३ साली रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, याचा आनंद आहे. पण पाटी लागली म्हणून रात्री दोन वाजता मेंदूतज्ज्ञ उगवत नाही.

हिमाचल प्रदेशकडं बघा. तेही डोंगराचं राज्य, घाट आपल्याहून वाईट. तिथं २०१४ साली त्यांनी काय केलं? ज्या जिल्हा हॉस्पिटलांत सी.टी. मशीन होतं तिथल्या साध्या डॉक्टरांना तयार केलं. पेशंट आला की सी.टी. काढायचा, फोटो मोबाइलवर मेडिकल कॉलेजातल्या मेंदूतज्ज्ञाला पाठवायचा, तो फोनवर सांगेल तसं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन सरकारनं फुकट ठेवलं. झालं. पेशंटला घाट उतरवला नाही, तज्ज्ञाचा सल्ला घाट चढवला. हेलसिंकी तर श्रीमंताचं गाव, पण त्यांचीही युक्ती बिनपैशाची आहे. ॲम्ब्युलन्समधूनच फोन करायचा, पेशंटला त्याच स्ट्रेचरवर थेट सी.टी.च्या टेबलावर न्यायचं, मधे कुठं थांबवायचं नाही, सुई तिथंच द्यायची. १९९८ साली त्यांना दारापासून सुईपर्यंत १०५ मिनिटं लागत होती. २०११ साली २०. नुसता क्रम बदलून, हुकूम सुधारून.

आपल्याकडं १०८ ची गाडी २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टर. मग त्या डॉक्टरानं गाडीतूनच सांगावं, "स्ट्रोक घेऊन येतोय, सी.टी. मोकळा ठेवा." यात अशक्य काय आहे?

इंजेक्शन धोक्याचं आहे, मान्य. १९९५ च्या अभ्यासात इंजेक्शन दिलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन त्रास झाला. म्हणूनच तर तज्ज्ञाचा फोन पाहिजे, यादी बघून निवड पाहिजे. धोका आहे म्हणून बाकड्यावर बसवून ठेवणं ही निवड नव्हे.

आणि मित्रांनो, दारातल्या सिस्टरवर हात उगारून, काचा फोडून हे होणार नाही. तीही आपल्यातलीच, डबल ड्यूटी करून पिचलेली. तिच्या हातात नियम द्या, तिच्या नियमाला फोनवरच्या साहेबापेक्षा वरचा दर्जा द्या. म्हणून आपण मागायचं ते असं:

दारात चोवीस तास एक शिकलेली निवड-सिस्टर, आणि तिनं लाल चिठ्ठी लावली की कुणाचाही फोन ती बदलू शकणार नाही.

तोंड वाकडं, हात लुळा, बोली अडखळलेली, यातलं एक जरी अचानक झालं तरी थेट सी.टी. केसपेपर नंतर. दारूचा संशय असला तरी सी.टी.

जिल्हा हॉस्पिटलच्या कपाटात इंजेक्शन, फुकट, आणि रात्री फोन उचलणारा मेंदूतज्ज्ञ.

दारावर मोठं घड्याळ, आणि प्रत्येक स्ट्रोक पेशंटची नोंद: आला कधी, सी.टी. कधी, सुई कधी, तीन महिन्यांनी कामावर गेला की नाही. ही वही दर महिन्याला भिंतीवर लावा. मग दिसेल कुणाला किती मिनिटं बसवलं.

एवढं मागताना आपलं कामही करू. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक जेटीवर चार पोरांनी चार शब्द पाठ करावेत: तोंड, हात, बोली, वेळ. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का बघा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली येतोय का बघा. स्वतःचं नाव बोलायला सांगा. आणि शेवटचा धड कधी बघितला ती वेळ कागदावर लिहा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. मग १०८. तेल चोळत बसायचं नाही, भगताकडं जायचं नाही, कबुतराचं रक्त लावायचं नाही, तोंडात पाणी-चहा ओतायचा नाही. आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येक हमालाचं, मशेरी लावणाऱ्या प्रत्येक आईचं बी.पी. मोजून घ्या. पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.

काकाचा उजवा हात आता खिशात असतो. जेटीवर येतो, बसतो, आमची निवड बघतो. त्याच्यासाठी आता मागण्यासारखं फार राहिलेलं नाही. पण उद्या पहाटे बोट लागेल, तेव्हा आणखी कुणाच्या तरी हातातनं क्रेट निसटेल. तो दारात पोचेल तेव्हा त्याची लुंगी बघतात की जखम, हे आपण आज ठरवायचं आहे. पुढच्या रविवारी मागण्यांचा कागद घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसवर किती जण येताय, तेवढं कळवा.